तळेरे फाटा, याकूबचं दुकान

जॅक लागला आणि माझी गाडी
एका अंगानं उचलली गेली,
डॉक्टरपुढे बाही वर करावी तशी.

याकूब काझी उकिडवा बसला.
किंमतीचं बोलला नाही, खाचेत नाणंही घातलं नाही,
नुसता तळवा फिरवला रबरावरून, आधी सुलटा, मग उलटा,
आणि म्हणाला, "बाय, तू वळणार ब्रेक मारतंस.
वळणाच्या आदी मारूचो."

अच्युत हसला. खुर्चीत बसून तो
दरपत्रक वाचत होता खालून वर.

अकरा वर्षं मी करूळचा घाट चढते.
सकाळी पायथ्याला घाम, गगनबावड्याला स्वेटर,
आणि मधे कुठेतरी धुकं असं बसलेलं
की पुढच्या ट्रकचं फक्त पाणी दिसतं,
मासळीच्या खोक्यांतून गळणारं बर्फाचं पाणी,
कोल्हापूरपर्यंत रस्ता खारट करत जाणारं.
त्या ओल्यावर एकदा मागचं चाक
माझ्याआधी निघालं शाळेला.
घरी सांगितलं नव्हतं.
आता टायर सांगत होता, बाहेरच्या झिजल्या खांद्यानं,
आणि याकूब ऐकत होता.

"हो बघ," अच्युत म्हणाला, "साठ हजार टिकता."
तो वाईट नाही. त्याला मोठे आकडे आवडतात.
याकूबनं मान हलवली, होय आणि नाहीच्या मधली.
"टिकता. दगडासारखो टिकता.
पण थंडीत आकडता. ओल्यार धरणा नाय."

मग आतून एक आणला, कागदी पट्टी गुंडाळलेला.
त्याच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर
आणि डोंगराच्या पोटात हिमाचा कण.
"बर्फ? तळेऱ्यात?"
"मासळीच्या खोक्यात पडता मां."

मऊ होता. नखानं दाबला तर नखाला कळत होतं.
खाचा रुंद, कडेला उघडणाऱ्या,
कौलांवरचं पाणी पन्हळीनं फेकावं तशा.
चाळीस हजारांत संपेल, म्हणाला.
बाराही महिने चालेल.
वेगातसुद्धा वळण सोडणार नाही.
"वेगातसुद्धा" हे त्यानं
माझ्याकडे न बघता सांगितलं.

जुने टायर भंगारातच जायचे होते,
तरी तो स्क्रूड्रायव्हरनं त्यांतले खडे काढत बसला. सवय.
जांभ्याचा लाल कण. घाटातला काळा.
पुन्हा काळा. काचेचा तुकडा.
मग एक पांढरा,
तिसरीच्या शिंपल्याची कपची, कडेला जांभळी रेघ.

माझी शाळा पूर्वेला.
माझ्या रोजच्या रस्त्यावर शिंपला नाही.

जानेवारीतले ते दोन बुधवार.
घाट उतरून हायवेला आले
आणि घराकडे न वळता सरळ गेले,
विजयदुर्गाकडे, रस्ता संपेपर्यंत.
चाकं वाळूत घातली. काच खाली केली.
भेटायचं कुणाला नव्हतं.
इंजिन निवताना टिक टिक वाजतं,
ते ऐकत बसले, काळोख पडेस्तोवर.
घरी म्हटलं, जादा तास होते.

याकूबनं कपची अंगठ्यावर धरली.
एकदा अच्युतकडे पाहिलं.
मग ती शर्टाच्या खिशात टाकली, पेन्सिलीशेजारी,
आणि पुढचा खडा उकरायला घेतला.

"पण टायरामागे दोन हजार जास्ती कशाचे?" अच्युत विचारत होता.
"ह्येच्यात सिलिका असता."
"म्हणजे काय?"
"म्हणजे रेवच, भाऊ.
ओल्यार तीच धरता."

"चारही हेच घाला," मी म्हटलं.
इतक्या मोठ्यानं की चहावाल्या पोरानं वळून पाहिलं.

नट आवळून झाले. अच्युत पैसे मोजत होता,
दोनदा मोजतो तो.
याकूब खिडकीशी वाकला.
नव्या रबरावर तेलकट साय असते,
ती उतरेपर्यंत घाई करू नकोस, म्हणाला.
पहिले शंभर किलोमीटर सावकाश.

मी मनात हिशेब केला.
पन्नास जाताना, पन्नास येताना.